हौशे, नवशे आणि डुलती बाहुली

जत्रेला जाणारी माणसं तीन जातींची असतात, असं आपल्याकडे फार पूर्वीपासून सांगतात: हौशे, नवशे आणि गवशे. हौशे गंमत बघायला येतात, नवशे देवाचं देणं फेडायला येतात आणि गवशे काही गवसलं तर बघावं म्हणून येतात. ही विभागणी ज्याने कोणी केली तो माझ्या मते पूर्वजन्मी बँकेत असावा. माणसांची इतकी चोख खातेवार मांडणी दुसऱ्या कुणाला जमायची नाही. फक्त तिसऱ्या खात्याशी आल्यावर त्या गृहस्थाने नाक मुरडलेलं स्पष्ट दिसतं. हौशाचं कौतुक, नवशाला मान आणि गवशा दिसला की लगेच 'पाकीट सांभाळा'!

माझा प्रश्न असा, की जो माणूस देवासाठी न येता नुसता प्रसादासाठी येतो, तो खरोखरच हलक्या प्रतीचा असतो काय?

प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे आणि मी पडलो बी. कॉम. आमच्या अभ्यासक्रमात नफा होता, तोटा होता, घसाराही होता, पण हेतू नव्हता. पुढे पोट भरायला बँकेत आलो, तिथेही तेच. हल्ली खातं उघडायचं म्हणजे आम्ही गिऱ्हाइकाला त्याच्या सासऱ्यानेसुद्धा विचारले नसतील इतके प्रश्न विचारतो. जन्मतारीख, पत्ता, पॅन, आधार, उत्पन्न, शिवाय दोन फोटो. पण 'आपण आमच्याकडे प्रेमापोटी आलात की कॅलेंडरपोटी?' असा रकाना फॉर्मात नाही. आणि तो नाही हेच बरं आहे. कारण डिसेंबर संपत आला की आमच्या शाखेत जी गर्दी लोटते, ती चालू खात्याचीही नसते आणि बचत खात्याचीही नसते. ती कॅलेंडरची असते. वर्षभर ज्यांचं दर्शन नाही असे खातेदार पासबुक छातीशी धरून येतात, 'जरा एन्ट्री मारून द्या' म्हणतात आणि नजर मात्र माझ्या टेबलाखालच्या गठ्ठ्यावर ठेवतात. आमचे एक साहेब त्यांना 'कॅलेंडरवाले' म्हणत. जसे काही आम्ही बाकीचे पगारासाठी नव्हे, तर बँकिंगच्या निस्सीम भक्तीने दहाच्या आत सही करत होतो!

हे सगळं मला इथेच घोळवत बसता आलं असतं. पण 2024 सालच्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीने तिकिटं पाठवली आणि आम्ही उभयता शिकागोला गेलो. (आमच्या एलटीसीत शिकागो बसत नाही, मी विचारून पाहिलं होतं.) तिथे भाच्याने एका संध्याकाळी मला बेसबॉलच्या मैदानावर नेलं आणि माझा हा घरगुती प्रश्न चाळीस हजार खुर्च्यांच्या आवारात माझ्यापुढे उभा राहिला.

बेसबॉलबद्दल दोन शब्द सांगतो. हा खेळ म्हणजे आपल्या विटीदांडूचा परदेशी जाऊन तिकडेच स्थायिक झालेला नातेवाईक. परदेशी गेलेल्या नातेवाइकांप्रमाणेच त्याच्याकडे पैसा फार आणि त्याचा हिशेब समजायला कठीण. वरच्या दर्जाचा प्रत्येक संघ एका मोसमात 162 सामने खेळतो, त्यातले 81 घरच्या मैदानावर. आता आमच्या सोसायटीच्या गणपतीत दहा दिवसांच्या कार्यक्रमांना माणसं जमवताना कार्यकारिणीच्या तोंडाला फेस येतो. पाचव्या दिवशी 'संगीत खुर्ची' आणि सहाव्या दिवशी 'पुन्हा संगीत खुर्ची' अशी वेळ येते. या बिचाऱ्यांना 81 दिवस भरायचे! त्यातून संघ हरणारा असला तर विचारूच नका. आणि आम्ही ज्या व्हाइट सॉक्स संघाला बघायला गेलो तो त्या साली 162 पैकी 121 सामने हरला. सन 1900 नंतरच्या काळात एका मोसमात इतके सामने आजवर कुणीच हरलेलं नाही.

म्हणून मग हे लोक प्रत्येक संध्याकाळीला काहीतरी निमित्त चिकटवतात. कधी टीशर्ट फुकट, कधी सामन्यानंतर आतषबाजी, कधी पोलिश मंडळींची संध्याकाळ तर कधी आयरिश मंडळींची. एका दिवशी तर लोक आपापले कुत्रे घेऊन सामन्याला येतात. (कुत्र्यांना निकालाचं दुःख होत नसावं.) आमच्या वाट्याला आली ती बाहुलीची संध्याकाळ. आधी येणाऱ्या काही हजार प्रेक्षकांना एका खेळाडूची डुलत्या डोक्याची बाहुली भेट. तिला तिकडे बॉबलहेड म्हणतात. धड स्थिर आणि डोकं स्प्रिंगवर. टिचकी मारली की ती प्रत्येक गोष्टीला मान डोलावते. भाच्याला वाटलं, मामाला नवल वाटेल. पण नंदीबैलाच्या देशातून आलेल्या आणि बावीस वर्षं साहेबांच्या केबिनमध्ये उभं राहिलेल्या माणसाला त्यात नवल कसलं?

फाटक उघडायच्या दीड तास आधी रांग लागली होती. रांग पाहून मला परक्या देशात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. माणशी एक बाहुली, हा नियम. माझ्या पुढे एक गृहस्थ तीन मुलं, बायको आणि चाकाच्या खुर्चीतली म्हातारी आई घेऊन उभा होता आणि बोटांवर मोजून सहा बाहुल्यांचा हिशेब जमवत होता. रेशनच्या दुकानात आमचे वडील हाच हिशेब साखरेचा करत. काही बहाद्दर तर बाहुली हातात पडताच तसेच मागे वळले आणि घरी गेले. तिकीट काढून सामना न बघता! त्यांना पाहून माझे मेव्हणे उखडले. मेव्हणे तिथे गेली वीस वर्षं हिशेब तपासनीस आहेत.

"दादा, हे प्रेक्षक नव्हेत," ते म्हणाले. "ही नुसती गिऱ्हाइकं. खेळाशी यांना काही देणंघेणं नाही. असल्या गर्दीपेक्षा मोकळ्या खुर्च्या परवडल्या."

"अस्सं?" बहीण म्हणाली. "आणि मला बघायला म्हणून तुम्ही तिसऱ्यांदा आमच्या घरी आलात ते कशासाठी? आईचे पोहे आवडले म्हणून आलो, असं तुम्हीच मला नंतर सांगितलंत!"

मेव्हणे बाहुलीसारखे डोलले.

आमच्या शेजारच्या खुर्चीवर एक सत्तरीच्या बाई होत्या. मांडीवर कोष्टकांचा कागद, हातात पेन्सिल. प्रत्येक चेंडूची नोंद चालली होती, आमच्या लेजरपेक्षा स्वच्छ. ही नवशी, मी मनाशी म्हटलं. इतक्या हरणाऱ्या संघाला कसल्या बोलीवर धरून बसल्यात, असं मी आडवळणाने विचारलं. त्या हसून म्हणाल्या, की दहा वर्षांच्या असताना त्या पहिल्यांदा आल्या, कारण त्या दिवशी मुलांना बॅट फुकट मिळणार होती. वडील म्हणाले होते, बॅट घेऊ आणि लगेच परत जाऊ. "अजून परतच जातेय," असं म्हणून त्यांनी पुढच्या चेंडूची नोंद केली. संघ अर्थातच हरला. बाईंनी कोष्टक पूर्ण भरलं, खाली बेरीज केली आणि कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला.

म्हणजे पाहा, गवशाचा नवशा होतो. आपल्या सत्यनारायणाने हे केव्हाच ओळखलं आहे. कथेतली कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावली, तर नवऱ्यासकट नाव अदृश्य झाली. तुंगध्वज राजाने प्रसाद नाकारला, तर त्याचं राज्य संकटात आलं. पण कथा न ऐकता नेमका प्रसादाच्या वेळेला टपकलेल्या माणसाची नाव बुडाल्याचं मी पाचही अध्यायांत ऐकलेलं नाही. देवाची तक्रार न खाणाऱ्याबद्दल आहे, खाणाऱ्याबद्दल नाही.

इथे हा लेख संपवला असता तर मेव्हणे हरले असते आणि बहीण खूश झाली असती. पण परतताना भाच्याने गाडीतळावर एक संगमरवरी फरशी दाखवली. आत्ताचं मैदान 1991 सालचं. त्याआधी कोमिस्की पार्क नावाचं जुनं मैदान शेजारीच होतं. ते पाडलं, तिथे गाड्या उभ्या करायची जागा केली आणि जिथे फलंदाज उभा राहायचा तेवढी जागा या फरशीने दाखवली. फरशीवर उभं राहून मेव्हण्यांनी मला बिल विक नावाच्या माणसाची हकिगत सांगितली आणि माझा प्रश्न पुन्हा उघडला.

बिल विक (1914–1986) हा बेसबॉलमधल्या या सगळ्या निमित्तांचा आद्य गुरू. दुसऱ्या महायुद्धातल्या दुखापतीने त्याचा एक पाय गेला, तर त्याने लाकडी पायात खोबण कोरून रक्षापात्र करून घेतलं. असा माणूस. 1948 साली तो क्लीव्हलंडच्या संघाचा मालक होता. त्या काळी मोठ्या खेळाडूंच्या सन्मानाचे दिवस करून त्यांना मोटारी भेट द्यायची पद्धत होती. जो अर्ली नावाच्या एका तरुणाने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: ज्यांना भरपूर पैसा मिळतो त्यांनाच सन्मान का? आमच्यासारख्या साध्या प्रेक्षकाचा दिवस का नाही? हा अर्ली मोटारींच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. विकने पत्र वाचलं आणि 28 सप्टेंबर 1948 रोजी खरोखरच 'जो अर्ली रात्र' साजरी केली. साठ हजारांवर लोक आले. पहिल्या वीस हजार स्त्रियांना हवाई बेटांवरून विमानाने आणलेली ऑर्किडची फुलं वाटली. अर्लीला आधी थट्टेच्या भेटी दिल्या: एक लाकडी संडास, काही जनावरं आणि एक खडखडणारी जुनाट फोर्ड. लोकांचं हसून झाल्यावर मग खऱ्या भेटी आल्या. नवी कोरी फोर्ड मोटार, फ्रीज, कपडे धुण्याचं यंत्र.

ही हकिगत ऐकताना माझ्यातला कारकून गहिवरला. आमच्याकडे कारकुनाचा सत्कार एकदाच होतो, निवृत्तीच्या दिवशी, आणि तोसुद्धा तो परत येणार नाही याची खात्री झाल्यावर. अर्लीने काहीही पराक्रम केला नव्हता. तो नुसता येत होता. पण येणाऱ्याच्या येण्यालाच किंमत आहे, हे मालकाने साठ हजार लोकांसमोर कबूल केलं. त्या मोसमात क्लीव्हलंडला 26 लाखांवर प्रेक्षक आले आणि संघ जगज्जेताही झाला.

पण लोकांना बोलावण्याची कला ही दुधारी आहे. याच क्लीव्हलंडमध्ये 4 जून 1974 रोजी, तेव्हा विक तिथे नव्हता, बिअर दहा सेंटला मिळेल अशी संध्याकाळ ठेवली. एरवी तिची किंमत 65 सेंट. पंचवीस हजार लोक आले, प्यायले आणि नवव्या डावात सामना 5-5 असा बरोबरीत असताना मैदानात उतरले. खेळाडूंना बॅटी हातात घेऊन एकमेकांचं रक्षण करावं लागलं. पंचांनी सामना पाहुण्यांना बहाल केला. 10 ऑगस्ट 1995 रोजी लॉस एंजेलिसच्या मैदानावर प्रेक्षकांना बेसबॉलचे चेंडू भेट दिले. पंचांच्या निर्णयावर चिडून प्रेक्षकांनी ते मैदानात परत केले, भिरकावून. तोही सामना पाहुण्यांना गेला. लग्नाच्या पंगतीत चिडकी माणसं ओळखून त्यांच्या हातात कुणी नारळ देत नाही, एवढं तारतम्य आपल्याकडच्या आचाऱ्यालाही असतं.

आणि तिसरी गोष्ट आम्ही उभे होतो तिथलीच. 12 जुलै 1979. आता विक शिकागोच्या संघाचा मालक होता. डिस्को संगीताची तबकडी घेऊन या आणि 98 सेंटमध्ये आत जा, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात त्या तबकड्या स्फोटाने उडवू, अशी जाहिरात झाली. मैदानात मावणार नाहीत इतके लोक आले. स्फोट झाला, हजारो माणसं मैदानात घुसली, दुसरा सामना होऊच शकला नाही आणि तोही पाहुण्यांना द्यावा लागला. डिस्को हे मुळात काळ्या, लॅटिनो आणि समलिंगी मंडळींच्या नृत्यगृहांतून वर आलेलं संगीत. त्या रात्री तिथे काम करणाऱ्या एका काळ्या मुलाने पुढे सांगितलं, की लोकांनी आणलेल्या कितीतरी तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच, त्या नुसत्या काळ्या गायकांच्या होत्या. लोकांना संगीत जाळायला बोलावलं होतं. त्यांनी आपल्या मनात जे जाळायचं होतं ते बरोबर आणलं.

"आता बोला," मेव्हणे म्हणाले.

बोलायचं ते एवढंच, की यात दोष गवशाचा किती आणि आमंत्रणाचा किती? गवशा फुकटची ऑर्किड घेतो आणि बायकोच्या केसांत माळतो. गवशा बाहुली घेतो आणि टीव्हीवर ठेवतो. ज्या निमित्ताने माणसाला बोलवाल, त्या निमित्ताला साजेसा माणूस त्याच्यातून बाहेर येतो. सगळे प्रकारचे लोक प्रत्येकात बसलेलेच असतात. कुणाला उठवायचं ते बोलावणारा ठरवतो. म्हणून येणाऱ्याला 'कशासाठी आलास?' विचारण्याआधी बोलावणाऱ्याने 'कशासाठी बोलावलं?' याचा जबाब द्यावा.

आणि बोलावलेल्याचं पुढे काय झालं, याचाही. ही शेवटची हकिगत सांगताना मेव्हण्यांचा आवाज जरा उतरला. 19 ऑगस्ट 1951 रोजी विक सेंट लुइसच्या संघाचा मालक होता. संघ इतका वाईट, की त्या मोसमात 102 सामने हरला. प्रेक्षक जमवायला त्या दिवशी केक आणि आइसक्रीम फुकट होतं. दोन सामन्यांच्या मधे मैदानात एक मोठा कागदी केक आणला. त्यातून एडी गेडेल नावाचा 3 फूट 7 इंचांचा माणूस बाहेर आला. पाठीवर आकडा 1/8. लोक हसले. दुसरा सामना सुरू झाला आणि तोच माणूस खरोखर फलंदाजीला आला. पंचांनी कागद मागितले, करार चोख होता. बॅट फिरवलीस तर मी छपरावरून बंदूक झाडीन, असा दम आपण त्याला भरला होता, असं विकनेच लिहून ठेवलं आहे. डेट्रॉइटचा गोलंदाज बॉब केन याला एवढ्याशा उंचीत चेंडू बसवता येईना. चारही चेंडू वरून गेले. गेडेल नियमाप्रमाणे पहिल्या बेसवर चालत गेला, वाटेत थांबून त्याने लोकांना अभिवादन केलं. त्याच्या जागी दुसरा धावपटू आला. दुसऱ्या दिवशी लीगच्या अध्यक्षांनी त्याचा करार रद्द केला. कारकीर्द संपली.

तो सन्मान होता की टवाळी? मला ठरवता येत नाही. त्या दिवशी तरी टाळ्या खऱ्या होत्या. पण 1961 साली शिकागोत कुणीतरी त्याला मारहाण केली आणि तो घरी मरण पावला. वय 36. विकने त्याच महिन्यात प्रकृतीमुळे शिकागोचा संघ विकला होता. त्या दिवशी अठरा हजारांवर लोक हसले होते. पण गेडेलच्या अंत्यविधीला बेसबॉलच्या दुनियेतून एकच माणूस आला. बॉब केन. ज्याने त्याला चार चेंडू टाकले होते तो. तो गेडेलला ओळखतही नव्हता म्हणा ना. चार चेंडूंची ओळख, तीही विरुद्ध पक्षातली. बायकोला घेऊन लांबून आला. तिथे फुलं वाटणार नव्हते, आतषबाजी नव्हती, बाहुली तर नव्हतीच.

या केनला मी कुठल्या खात्यात टाकू? तो हौशा नव्हे, त्याने नवस बोलला नव्हता, त्याला काही गवसणार नव्हतं. आपली म्हण जत्रेपुरती आहे, आणि जत्रेला ती पुरते. पण जिथे जत्रा नसते तिथे येणाऱ्यांची मोजदाद कुणी केलेली नाही. केनसुद्धा पहिल्यांदा गेडेलसमोर आला तो पगाराच्या निमित्तानेच की! येण्याचं कारण पगार असेल, पोहे असतील, फुकटची बॅट असेल. कारण ही आत शिरायची पावती आहे. आत गेल्यावर पावती कुणी जपून ठेवत नाही.

म्हणून डिसेंबरात गठ्ठा सुटला की मी कुणाचंही पासबुक न बघता कॅलेंडर देतो. साहेबांनी हटकलं तर मान डोलावतो. बाहुली मी टेबलावरच ठेवली आहे, तीही डोलते. आमच्या दोघांच्या मानेत साहेबांना अजून तरी फरक करता आलेला नाही.